वघई वनस्पति उद्यान

गुजरात राज्याच्या डांग जिल्ह्यातील, वन विभागाच्या देखरेखीखालील विस्तीर्ण उष्णकटिबंधीय उद्यान. सुरत शहराच्या आग्नेयीस सु. ११० किमी. अंतरावर, वघई गावाजवळ ते वसले असून त्याची स्थापना १९६६ मध्ये झाली. क्षेत्रफळ २४ हेक्टर. भारताच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या आणि स्थानिक अशा सु. १,४०० प्रकारच्या वनस्पती येथे जोपासल्या असून, राज्यातील अशा उद्यानांत ते सर्वांत मोठे गणले जाते.

तापी नदीच्या दक्षिणेस जेथे सह्याद्रीची रांग सुरू होते, त्या उत्तर टोकावर डांगचा प्रदेश आहे. येथे पाऊस भरपूर पडत असला, तरी तो मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे मूळ जंगल सदाहरित नसून आर्द्र पानझडी, म्हणजे उन्हाळ्यात पाने टाकून ओलावा वाचवणारे, आहे. या जंगलातील सागाला जहाजबांधणीसाठी पूर्वीपासून मोठी मागणी होती. सुरत हे जहाजबांधणीचे जुने केंद्र असून, मुंबईची गोदी उभारण्यासाठी १७३६ मध्ये गेलेले लवजी नसरवानजी वाडिया हे मूळचे सुरतेचेच. पुढे १८४२ मध्ये ब्रिटिशांनी भिल्ल राजांकडून डांगची जंगले पट्ट्याने घेतली, त्यामागेही सागाच्या लाकडाचाच हेतू होता. द्विभाषिक मुंबई राज्याच्या विभाजनात १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. तथापि तेथील डांगी बोलीचे खानदेशी व मराठीशी असलेले नाते झाडांच्या नावांतही आढळते. कोकणात ज्याला ऐन म्हणतात, तो वृक्ष नाशिक-खानदेशाप्रमाणे येथेही सादडा म्हणून ओळखला जातो.

उद्यानाची मांडणी प्रामुख्याने वनप्रकारांनुसार केलेली आहे. डांगमधील वनस्पती, सदाहरित वन, आर्द्र व शुष्क पानझडी वन आणि काटेरी झुडपांचे वन यांचे स्वतंत्र विभाग असून, त्यांशिवाय औषधी वनस्पती, बांबू आणि निवडुंग यांसाठीही वेगळ्या जागा राखलेल्या आहेत. या रचनेमुळे पावसाचे प्रमाण बदलले की पानांचा आकार, सालीची जाडी आणि काट्यांचे प्रमाण कसे बदलते, हा एरवी शेकडो किलोमीटरांच्या प्रवासानंतर उमगणारा फरक पाहणाऱ्याच्या थोड्या पायपिटीत लक्षात येतो. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले असता बोटे तांबडी होतात, ही त्याची सोपी ओळख होय. सादड्याची काळपट साल उभ्या-आडव्या चिरांनी मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर काही जुन्या वृक्षांच्या खोडात पाणी साठलेले आढळते.

बांबूंचा विभाग विशेष प्रेक्षणीय आहे. सडपातळ चिनी जातीपासून आसामकडील जाड, सोनेरी कांड्यांच्या जातीपर्यंतचे अनेक प्रकार तेथे एकत्र पाहता येतात. बांबू वनस्पतिशास्त्रदृष्ट्या वृक्ष नसून गवताच्या कुलातील आहे. त्याचा कोंब जमिनीतून वर येतानाच पूर्ण जाडीचा असतो व पुढे केवळ उंच होत जातो. डांगच्या जंगलात मुबलक असणारा भरीव मानवेल आणि काटेरी, पोकळ कळक यांना अनेक दशकांनी एकदाच फुले येतात व बी धरल्यानंतर ती बेटे वाळून जातात. कोटवाळिया समाजाचा टोपल्या व सुपे विणण्याचा परंपरागत व्यवसाय याच बांबूच्या कामट्यांवर चालत आला आहे.

सुरतहून चिखली-वांसदामार्गे रस्त्याने वघईला जाता येते. बिलिमोऱ्याहून उनाईमार्गे येणारा ६३ किमी. लांबीचा नॅरोगेज लोहमार्ग गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने बांधला व तो १९१३ मध्ये सुरू झाला. जंगलातील लाकूड बाहेर नेणे हा त्याचा मुख्य उद्देश होता. अंबिका नदीच्या खोऱ्यातील गिरा धबधबा आणि वांसदा राष्ट्रीय उद्यान जवळच असून सापुतारा हे थंड हवेचे ठिकाण सु. ५० किमी.वर आहे. धबधबा व हिरवाई यांसाठी बहुतेक पर्यटक पावसाळ्यात व त्यानंतर लगेच येतात. तथापि वनप्रकारांतील भेद एप्रिलमध्ये अधिक स्पष्ट होतो, कारण त्या वेळी साग निष्पर्ण असतो आणि सदाहरित वृक्षांची सावली मात्र कायम असते.