जुन्या संगणकावरील स्ट्रॅटेजी खेळांचे अद्ययावतीकरण

जुन्या संगणकावरील स्ट्रॅटेजी खेळांचे अद्ययावतीकरण म्हणजे डावपेचांवर आधारित संगणकीय खेळाची नवी आवृत्ती कमी क्षमतेच्या किंवा जुन्या संगणकावर स्थापित करावी की नाही, यासंबंधीचा निर्णय होय. नव्या आवृत्तीत दोष दूर झालेले असतात आणि नवे भाग मिळतात. मात्र खेळ मंदावणे, जतन केलेले डाव निरुपयोगी होणे किंवा खेळ सुरूच न होणे, असे परिणामही संभवतात. खेळ, संगणक आणि कार्यप्रणाली या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याशिवाय हा निर्णय योग्य रीतीने घेता येत नाही.

पार्श्वभूमी

स्ट्रॅटेजी खेळांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात खेळाडू आळीपाळीने चाल करतात. दुसऱ्यात सर्वांच्या हालचाली एकाच वेळी चालतात. 'सिव्हिलायझेशन' ही मालिका पहिल्या प्रकारात, तर 'एज ऑफ एम्पायर्स' ही दुसऱ्या प्रकारात मोडते. 'टोटल वॉर' या मालिकेत दोहोंचा मेळ घातलेला आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने यांतील काही खेळ विशेष उल्लेखनीय आहेत. २००९ साली प्रकाशित झालेल्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठा सत्तेची बाजू घेऊन खेळता येते. त्यातील मुख्य मोहीम १७०० ते १७९९ या काळात घडते. २०१३ सालच्या 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या खेळाचा कालपट १४४४ ते १८२१ असा असून त्यातही मराठा राज्य उभारता येते. त्यामुळे पुणे–अहिल्यानगर मार्गावर सणसवाडीजवळ असलेल्या कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा काळ दुसऱ्या खेळाच्या कालपटात येतो, पहिल्याच्या येत नाही.

अद्यतन आणि नवी आवृत्ती यांतील भेद

अद्यतन हे आधीच्याच खेळात केलेला बदल असते व ते जुन्या फायलींची जागा घेते. नवी आवृत्ती हे बहुधा स्वतंत्र उत्पादन असते व जुना खेळ तसाच राहू शकतो. 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ १९९९ मध्ये आला. त्याची 'एचडी' आवृत्ती २०१३ मध्ये आणि 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती १४ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रकाशित झाली. मूळ खेळाला ३२ मेगाबाइट रॅम पुरत असे. डेफिनिटिव्ह आवृत्तीसाठी प्रकाशनाच्या वेळी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४-बिट विंडोज १० आणि सुमारे ३० गिगाबाइट मोकळी जागा आवश्यक होती. म्हणजे वीस वर्षांत एकाच खेळाची रॅमची गरज १२८ पट झाली. त्याच आवृत्तीसाठी २०२२ मध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारात बंगाली, द्रविड व गुर्जर या संस्कृती नव्याने समाविष्ट झाल्या आणि पूर्वीच्या 'इंडियन्स' या संस्कृतीला 'हिंदुस्तानी' असे नाव मिळाले. हा विस्तार १९९९ च्या मूळ खेळात वापरता येत नाही.

संगणकावर पडणारा भार

स्ट्रॅटेजी खेळात चित्रांपेक्षा गणिताचा भार अनेकदा मोठा असतो. प्रत्येक सैनिकाचा मार्ग आणि प्रत्येक राज्याचा हिशेब प्रोसेसरला सतत करावा लागतो. डाव पुढे सरकतो तशी ही संख्या वाढते. म्हणूनच सुरुवातीला सुरळीत चालणारा खेळ अखेरच्या टप्प्यात अडखळू लागतो. नव्या अद्यतनाची पारख पहिल्या दहा मिनिटांवरून करणे त्यामुळे फसवे ठरते. पुढे गेलेल्या डावात ती करणे अधिक विश्वसनीय असते.

३२-बिट पत्त्यांनी जास्तीत जास्त ४ गिगाबाइट स्मृती हाताळता येते. या मर्यादेमुळे अनेक खेळ ६४-बिट झाले. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा खेळ २०१९ मधील १.२९ या आवृत्तीपासून ६४-बिट झाला. ३२-बिट विंडोज असलेल्या संगणकावर असे अद्यतन घेतल्यास खेळ मंद होत नाही, तर चालतच नाही.

सामूहिक खेळातील अडचण

पहिल्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या वेळी घरोघरी संथ मोडेम असत. शेकडो सैनिकांची स्थिती त्यांवरून पाठवणे अशक्य होते. म्हणून प्रत्येक संगणकाने संपूर्ण डाव स्वतः चालवायचा आणि एकमेकांना केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवायच्या, अशी रचना निर्मात्यांनी केली. या रचनेचे दोन परिणाम होतात. सर्वांची आवृत्ती तंतोतंत सारखी नसेल, तर डाव जुळत नाही. तसेच एकाचा संगणक मागे पडला, तर सर्वांचाच खेळ मंदावतो. डेफिनिटिव्ह आवृत्तीत म्हणूनच संगणकाची क्षमता मोजणारी चाचणी दिलेली आहे आणि मानांकित सामन्यांसाठी त्या चाचणीत १००० गुणांची अट घालण्यात आली. मित्रांसमवेत खेळणाऱ्याचा निर्णय त्यामुळे केवळ त्याच्या एकट्यापुरता राहत नाही.

जतन केलेले डाव

अद्यतनामुळे नियम, नकाशे किंवा फायलींची रचना बदलल्यास जुने डाव उघडत नाहीत किंवा चुकीचे चालतात. एक मोहीम अनेक आठवडे चालू शकते. ती गमावणे हे खेळाडूचे खरे नुकसान असते. मोहीम पूर्ण होईपर्यंत अद्यतन लांबवणे आणि जतन फायलींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे, हे त्यावरील नेहमीचे उपाय आहेत. खेळाडूंनी बनवलेले बदल, म्हणजे 'मॉड', हेही विशिष्ट आवृत्तीवर अवलंबून असतात.

'स्टीम' या वितरण सेवेत खेळ सुरू करतानाच अद्यतन घेण्याचा पर्याय असतो. काही निर्माते त्याच सेवेत जुन्या आवृत्त्याही उपलब्ध ठेवतात. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हे त्याचे उदाहरण आहे. 'जीओजी' या सेवेवर खेळाची स्थापना-फाइल उतरवून स्वतःजवळ ठेवता येते.

कार्यप्रणालीचा प्रश्न

खेळ अद्ययावत केला नाही, तरी भोवतालची व्यवस्था बदलत राहते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला दिलेला आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ व ८.१ यांचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक अधिकृतरीत्या तिथवर पोहोचू शकत नाहीत.

अशा संगणकावर लिनक्स स्थापित करणे हा एक पर्याय आहे. २०१८ मध्ये आलेल्या 'प्रोटॉन' या साधनामुळे विंडोजसाठीचे अनेक खेळ लिनक्सवर चालतात. मात्र फार जुन्या ग्राफिक्स कार्डावर त्याचा उपयोग होत नाही. एकट्याने खेळायचा जुना खेळ इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकावर खेळणे, हा दुसरा सुरक्षित मार्ग होय. संगणक टाकूनच द्यायचा झाल्यास १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जाणे अपेक्षित आहे.

निर्णयाचे निकष

* खेळाच्या नव्या किमान गरजा संगणकाच्या प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड व मोकळ्या जागेशी ताडून पाहणे. केवळ किमान गरज पूर्ण होत असेल, तर मोठ्या नकाशावर मंदगतीची शक्यता गृहीत धरणे इष्ट असते.
* परतीचा मार्ग, म्हणजे जुनी आवृत्ती पुन्हा मिळण्याची सोय, अद्यतनापूर्वीच तपासणे.
* चालू मोहीम व मॉड यांच्या प्रती काढणे.
* रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे शक्य आहे का, हे पाहणे. एसएसडीमुळे खेळ लवकर उघडतो. मात्र प्रोसेसरची गणना त्यामुळे वेगवान होत नाही.
* अद्यतनाचा हेतू लक्षात घेणे. सुरक्षेतील त्रुटी दूर करणारे अद्यतन टाळणे धोक्याचे असते; केवळ सजावट वाढवणारे अद्यतन न घेतल्याने डावाचे काही बिघडत नाही.