मराठी ई-पुस्तकांचे स्वयंप्रकाशन

मराठी ई-पुस्तकांचे स्वयंप्रकाशन म्हणजे प्रकाशनसंस्थेच्या मध्यस्थीशिवाय लेखकाने आपले मराठी पुस्तक स्वतः इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सिद्ध करून वाचकांना उपलब्ध करून देणे होय. कथा, कविता, ललित लेख, प्रवासवर्णने, आत्मकथने, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास असे लेखन करणारे हौशी लेखक या मार्गाचा अवलंब करतात. यात कागद, छपाई, बांधणी व साठवण यांचा खर्च टळतो. मात्र संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, हक्कांची व्यवस्था आणि ग्रंथाचे जतन ही प्रकाशकाची कामे टळत नाहीत. ती लेखकाकडे येतात.

पार्श्वभूमी

स्वतःचे पुस्तक स्वतः काढण्याची प्रथा मराठीत संगणकापूर्वीची आहे. पदरचे पैसे घालून किंवा आगाऊ वर्गणीदार मिळवून पुस्तक छापणारे लेखक एकोणिसाव्या शतकापासून आढळतात. मान्यता न मिळालेल्या हस्तलिखिताचे काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे १८५५ सालचे 'तृतीय रत्न' हे नाटक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि फुले यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. पुढे १९५० च्या दशकात मुंबईतील तरुण कवींनी 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले. त्यातून लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. कमी खर्चाचे तंत्र हाती आले की प्रस्थापित व्यवस्थेबाहेरचे लेखन प्रकाशात येते, हा क्रम ई-पुस्तकांच्या बाबतीतही दिसतो.

छापील पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळाची स्थापना १९६० साली झाली. अनुदान हस्तलिखिताच्या परीक्षणानंतर मिळते. ई-पुस्तकाच्या स्वयंप्रकाशनात असे परीक्षण नसते.

विकास

'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या १९७१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमापासून ई-पुस्तकांचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो. देवनागरीचा समावेश १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत झाला. २००७ साली ईपब हे प्रमाणित स्वरूप आले व त्याच वर्षी ॲमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र विक्रीस आणले. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती व मल्याळम यांच्यासह मराठी पुस्तकांचे दालन सुरू झाले.

दरम्यान, खास मराठी वाचकांसाठीही व्यवस्था उभ्या राहिल्या. ई साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची ई-पुस्तके विनामूल्य वितरित करते. पुण्याची बुकगंगा छापील पुस्तकांबरोबर ई-पुस्तकांचीही विक्री करते. २०१४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या प्रतिलिपीवर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखकांना आपले लेखन थेट प्रसिद्ध करता येते. क्रमशः कथा-कादंबऱ्या हे तिचे वैशिष्ट्य आहे.

हस्तलिखिताची सिद्धता

टंकलेखन आणि युनिकोड

जुन्या डीटीपी पद्धतीत रचलेला मजकूर ई-पुस्तकात आणणे ही मराठी लेखकांपुढील प्रमुख तांत्रिक अडचण आहे. युनिकोडपूर्व फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असतात. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

रूपांतरणातील बऱ्याच चुका अक्षरांच्या क्रमामुळे होतात. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती 'क'नंतर नोंदवली जाते. 'धर्म' या शब्दात रफार 'म'वर दिसतो, पण त्यातील 'र' 'म'च्या आधी येतो. जुने फाँट बहुधा दिसण्याचा क्रम पाळतात. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळते. म्हणून रूपांतरित मजकुरातील वेलांट्या, रफार व जोडाक्षरे स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

'र्य' आणि 'ऱ्य' यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यांना' दिलेला मान आणि 'आचाऱ्यांना' दिलेली स्वयंपाकाची सुपारी यांत फरक राहावा, तर हे अक्षर योग्य संकेतांकानेच टंकित झाले पाहिजे. तसेच पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवणे आवश्यक असते. काही फाँटांत 'ल' व 'श' यांची मराठी वळणे भाषेच्या नोंदीवरून निवडली जातात. नोंद हिंदीची असल्यास हिंदी वळणाची अक्षरे उमटू शकतात.

संपादन आणि शुद्धलेखन

स्वयंप्रकाशित पुस्तकांवरील नेहमीचा आक्षेप संपादनाच्या अभावाचा असतो. लेखकाला आपला मजकूर पाठ झालेला असल्याने गाळलेला शब्द किंवा दुबार आलेला परिच्छेद त्याच्या नजरेतून निसटतो. यासाठी त्रयस्थ वाचकाकडून किमान एक वाचन करून घेण्याची पद्धत आहे. लेखननियमांसाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम आधारभूत धरले जातात. त्यांपैकी १४ नियम १९६२ साली, तर ४ नियम १९७२ साली आले.

बोलीतील लेखनाला स्वयंचलित शुद्धिचिकित्सकाचा उपद्रव होतो. कोल्हापूर परिसरातील कथेतील पात्र 'व्हय', 'न्हवं', 'लगा' असे बोलत असेल, तर हे शब्द चुकीचे ठरवून त्या जागी दुसरे शब्द सुचवले जाण्याची शक्यता असते. सरसकट दुरुस्ती स्वीकारल्यास संवादातील गावच हरवते. त्यामुळे निवेदनाची भाषा व संवादाची भाषा वेगवेगळी तपासणे श्रेयस्कर ठरते.

फाइलचे स्वरूप

पीडीएफमध्ये पानाची रचना स्थिर राहते. कवितासंग्रह, छायाचित्रे व तक्ते यांना ते सोयीचे असते. पण भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर अक्षरे बारीक होतात. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो आणि वाचकाला अक्षर मोठे करता येते. ज्येष्ठ वाचकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. ईपबमध्ये कवितेच्या लांब ओळी मात्र अनपेक्षित जागी तुटू शकतात.

वितरण आणि मोबदला

किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या सेवेत ई-पुस्तक नोंदवण्यासाठी आगाऊ शुल्क द्यावे लागत नाही. मानधनाचे ३५ टक्के व ७० टक्के असे दोन पर्याय असून, भारतातील विक्रीवर ७० टक्क्यांसाठी पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' योजनेत असावे लागते. या योजनेचा कालावधी ९० दिवसांचा असतो. त्या काळात त्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती अन्यत्र, अगदी विनामूल्यही, देता येत नाही. एकीकडे विक्री आणि दुसरीकडे स्नेह्यांना पीडीएफ पाठवणे, असे दोन्ही एकाच वेळी केल्यास या अटीचा भंग होतो. सेवेच्या नोंदणीत बँक खात्याबरोबर अमेरिकी कराविषयीची माहितीही भरावी लागते.

छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकांवरील कराचा दर २०१८ साली १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. परंतु ही सवलत छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरती होती. केवळ ई-स्वरूपातच निघणारे पुस्तक तिच्याबाहेर राहिले.

हौशी लेखकांपैकी अनेक जण अर्थप्राप्तीपेक्षा वाचक मिळवण्यासाठी विनामूल्य वितरण पसंत करतात. परगावी व परदेशी असलेल्या मराठी वाचकांपर्यंत टपालखर्चाशिवाय पुस्तक पोहोचणे, हा या मार्गाचा मोठा लाभ आहे.

कायदेशीर बाबी

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार मूळ साहित्यकृती निर्माण होताच तिच्यावरील हक्क उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. कोल्हापुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेले वि. स. खांडेकर १९७६ साली निवर्तले. त्यांच्या अशा साहित्यावरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत राहतात. म्हणून आवडता उतारा, गीत किंवा मुखपृष्ठासाठी चित्र घेताना हक्काची स्थिती पाहावी लागते.

जुन्या छापील पुस्तकाची ई-आवृत्ती काढताना प्रकाशकाशी झालेला करार निर्णायक असतो. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांची मानली जाते. करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, हस्तांतरित होत नाहीत, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने करण्यात आली.

आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो. छापील व ई-आवृत्तीसाठी वेगवेगळे क्रमांक लागतात. किंडलवर ई-पुस्तक प्रसिद्ध करण्यासाठी हा क्रमांक अनिवार्य नाही. तो मिळाल्याने स्वामित्वहक्क सिद्ध होत नाही. ती केवळ ग्रंथाची ओळख असते.

जतन आणि मर्यादा

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियुक्त ग्रंथालयांना द्यावी लागते. कायद्यातील पुस्तकाची मूळ व्याख्या मुद्रित ग्रंथांना अनुसरून आहे. ई-पुस्तकाला असा आश्रय आपोआप मिळत नाही. संकेतस्थळ बंद पडले, लेखकाचे खाते बंद झाले किंवा परवलीचा शब्द वारसांना ठाऊक नसला, तर पुस्तक वाचकांच्या दृष्टीने नाहीसे होऊ शकते.

कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची ग्रंथालये छापील ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत. ई-पुस्तकाच्या लेखकाला ही सोय स्वतः करावी लागते. यासाठी मूळ युनिकोड मजकूर, ईपब व पीडीएफ अशा तिन्ही फाइली एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे, पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे नाव, प्रकाशनवर्ष व हक्कधारक यांची नोंद करणे, खात्याची माहिती वारसांकडे देणे आणि शक्य असल्यास काही छापील प्रती काढून स्थानिक ग्रंथालयात देणे, हे उपाय उपयोगी ठरतात. स्थानिक इतिहास, बोली व आठवणी यांविषयीच्या लेखनाला हे विशेष लागू पडते, कारण अशा मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र असण्याचा संभव कमी असतो.

हे सुद्धा पहा

ई-पुस्तक
युनिकोड
देवनागरी
स्वामित्वहक्क
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ
करवीर नगर वाचन मंदिर