सर्वांनी येण्याचे करावे

वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : जाहीर व्याख्यान, विषय अमुक, वक्ते तमुक, प्रवेश विनामूल्य, सर्वांनी येण्याचे करावे. पेण घ्या, रोहा घ्या, कोकणातलं कुठलंही तालुक्याचं गाव घ्या. फळा तोच, भाषा तीच. यातला ‘सर्वांनी’ हा शब्द आला कुठनं, एवढंच मला विचारायचं आहे.

माझा बापूस असल्या व्याख्यानांना जायचा. गाव कुठलं ते सोडा. आत नाय बसायचा. खिडकीखाली चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहून ऐकायचा. त्याला कुणी हाकललं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी विचारायचो, आत का नाय गेलास? तर म्हणायचा, “इथनं आयकाया येतंय ना.” त्याच्या या खिडकीखाली उभं राहण्याला इतिहास आहे.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. या साऱ्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. पण नेटिव्ह म्हंजे कोण? जनरल म्हंजे कोण? आमचा माणूस त्यात धरलेला नव्हता. तो पुस्तकाला शिवला असता तर पुस्तक धुवायचं कसं, हाच पेच पडला असता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. यादी पुन्हा वाचा. वाचनालय त्यात नाय. बोल्यांना दोष देत नाही, तहान आधी आणि अक्षर मागनं, हे समजण्यासारखं आहे. शिवाय वाचनालयं वर्गणीवर चालायची, मंडळांच्या हातात असायची. ठराव त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचणार तरी कसा?

म्हणून आपल्या माणसांनी स्वतःच सोय केली. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासवर्ग होते. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवलं. फुकट, आणि खरोखर सर्वांना. ज्या समाजाच्या पोटाला नीट भाकर नव्हती त्याने वाचायच्या जागेचा विचार भाकरीच्या बरोबरीने केला. मोठमोठ्या ग्रंथालयांच्या शताब्दी अंकांत या खोलीबद्दल एखादी ओळ असावी, असं मला वाटतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. तेव्हा हा कुलाबा जिल्हा, रायगड नाव १९८१ चं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. या मुलखात त्याआधी आपल्यासाठी एवढं मोठं जाहीर व्याख्यान कुणी ठेवलं होतं? ऐकायला हजारो माणसं आली, बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. हँडबिल एकाने वाचायचं आणि वाडीने ऐकायचं, हीच तेव्हाची जाहिरात. मेलेल्या ढोरांचं मांस सोडा, उष्टं घेऊ नका, पोरं शाळेत घाला, असं बाबासाहेब बोलले. आणि श्रोत्यांना प्यायला पाणी? ते परिषदेने चाळीस रुपयांना विकत घेतलं. ऐकणं फुकट, पाणी विकत. दुसऱ्या दिवशी सारे उठले आणि चवदार तळ्यावर चालत गेले. व्याख्यान ऐकून श्रोते टाळ्या वाजवून घरी गेले नाहीत, असं व्याख्यान हेच.

महाड नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो ठराव तिने रद्द केला ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं पुरी होत होती. तारखा अशा बोलतात.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. या वेळी जागाच मिळेना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मुंबईहून महाडला जायची नेहमीची वाट म्हंजे बोटीने धरमतर आणि तिथनं मोटारीने नागोठण्यावरून खाली. म्हंजे आमच्या कासूवरून. आज कासूचं नाव पेपरात येतं ते पळस्पे ते कासू, कासू ते इंदापूर अशा हायवेच्या रखडलेल्या कामामुळे. पण या रस्त्याला याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. मोटारवाले बसवून घेणार नाहीत, या धास्तीने बाबासाहेब आणि मंडळींनी ही वाट सोडली. २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघून समुद्राचा वळसा घालून ते २५ तारखेला दासगावला उतरले, आणि पुढचे पाच मैल मिरवणुकीने पायी गेले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले : लुगडं वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा, पोरींना शाळेत घाला. तिथं ना सभागृह होतं ना कपाट. पण वाचनालयाचं काम याहून वेगळं असतं का?

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गायकवाडांच्या बडोद्यात मोफत वाचनालयांची व्यवस्था १९१० पासनं सुरू झालेली. आपल्याकडे संस्था चालवायच्या, सरकारने अनुदान द्यायचं, वाचकाने अनामत आणि वर्गणी भरायची. म्हंजे व्याख्यान फुकट, पुस्तक पैशाचं. आणि वक्ता कोण, विषय कुठला, हे कार्यकारी मंडळ ठरवतं. मंडळावर कोण असतं ते तुम्ही तुमच्या गावात जाऊन बघा.

बापूस गेला. त्याच खिडकीच्या आत यंदा महाडच्या लढ्यावर व्याख्यान होतं. मी पहिल्या रांगेत बसलो. वक्त्याने तळ्याचं सांगितलं, ते बरं सांगितलं. बोटीचं नाव नाय घेतलं, मोटारीचं तर नायच. प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहून धरमतरची वाट का टाळली ते सांगायला लागलो. अध्यक्ष घड्याळ बघू लागले. बाहेर चपलांजवळ कातकरीवाडीतली दोनचार माणसं उभी होती.

पुढची बैठक आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर ठेवली आहे, विषय ‘पद्मावती’ बोट. फळा नाय, तोंडी निरोप. निरोप घेऊन दोन पोरं कातकरीवाडीत गेली आहेत.