हेलसिंकीचं पाणी कुणाचं?

फिनलंडच्या राजधानीत आलेल्या पाहुण्याला आज समुद्रस्नान, सौना, पोहण्याचे तलाव आणि जंगलातल्या पायवाटा इतक्या सहज मिळतात, की ही सगळी पर्यटनाची किमया असावी असं वाटतं. शहराचा इतिहास मात्र उलटं सांगतो. पाहुण्यांसाठी मुद्दाम उभारलेलं स्नानस्थळ इथे दोन दशकांतच ओसरलं. टिकलं ते रहिवाशांनी आपल्या रोजच्या वापरासाठी बांधलेलं, किंवा पाहुणे परतल्यावर त्यांनी आपलंसं केलेलं.

पहिला पुरावा काइवोपुइस्तो उद्यानाचा. 1809 पासून फिनलंड रशियन साम्राज्यात होतं. 1830-31 च्या पोलिश उठावानंतर झार निकोलस पहिला याने उमरावांच्या परदेशप्रवासावर कडक निर्बंध घातले. कार्ल्सबाद या परदेशातल्या झऱ्यांच्या गावी जाऊन औषधी पाणी पिणं आणि उन्हाळा काढणं हा ज्यांचा शिरस्ता होता, त्यांची पंचाईत झाली. हेलसिंकी साम्राज्याच्या आत होतं, पण भाषा, कायदा आणि चालीरीती वेगळ्या. म्हणजे परवानगीची कटकट नाही आणि परदेशी गेल्याचं समाधानही पदरात. दक्षिण किनाऱ्यावर उल्रिकासबोर्गचं स्नानगृह उभं राहिलं, आणि 1838 मध्ये एंगेल या वास्तुविशारदाने आखलेलं काइवोहुओने हे पाणी पिण्याचं दालन सुरू झालं. तिथलं ‘औषधी’ पाणी झऱ्याचं नव्हतंच. नामांकित झऱ्यांच्या पाण्याची ती कारखान्यात केलेली नक्कल होती. सकाळी पेला हातात घेऊन फेऱ्या, दुपारी समुद्रस्नान, रात्री नाच, असा सेंट पीटर्सबर्गच्या श्रीमंतांचा दिनक्रम. पण हा सारा डोलारा एका झारच्या मर्जीवर उभा होता. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश-फ्रेंच आरमार फिनलंडच्या आखातात शिरलं आणि 1855 च्या ऑगस्टमध्ये शहरासमोरच्या सागरी किल्ल्यावर तोफा धडाडल्या. त्याच वर्षी निकोलस वारला आणि पुढे प्रवासाचे निर्बंध सैल झाले. खरंखुरं कार्ल्सबाद मोकळं झाल्यावर नकली पाण्यासाठी कोण येणार? या उद्योगाने शहराला एक सुंदर उद्यान मिळवून दिलं, हे मान्य करायलाच हवं. मात्र ते उद्यान जिवंत ठेवलं तिथे फिरायला येणाऱ्या हेलसिंकीकरांनी.

याच्या शेजारी युर्योनकातूचा तरणतलाव ठेवून पाहावा. 1928 मध्ये शहराच्या मध्यवस्तीत सुरू झालेला हा देशातला पहिला सार्वजनिक बंदिस्त तलाव. स्त्री-पुरुषांचे दिवस वेगळे, आणि पोहायचं ते विवस्त्र. पोहण्याचा पोशाख घालायची मुभा मिळाली ती थेट 2001 मध्ये, तीही ज्याची त्याची खुशी म्हणून. परक्या माणसाला सोयीचं वाटावं यासाठी इथे काहीच केलेलं नव्हतं. तरीही, किंवा मला वाटतं म्हणूनच, परका माणूस आज तो आवर्जून पाहायला जातो.

यावर पहिला आक्षेप ऑलिंपिकचा येईल: 1952 चा सोहळा पाहुण्यांसाठीच तर होता. खरं आहे, पण त्या वास्तूंची जन्मकथा पाहावी. स्पर्धा मुळात 1940 मध्ये व्हायच्या होत्या. तरण-स्टेडियमचं काम युद्धामुळे रखडलं आणि 1947 मध्ये ते खुलं झालं, म्हणजे ऑलिंपिकच्या पाच वर्षं आधीच शहराची मुलं तिथे डुंबू लागली होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी ज्या मेस्सुहाल्लीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, ते मूळचं 1935 चं प्रदर्शनगृह. आज ते शहराचं क्रीडागृह आहे. चार दिवस पाहुण्यांना वापरायला दिलेलं घर म्हणावं तसा हा प्रकार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सार्वजनिक सौना तर अस्सल रहिवाशांच्याच होत्या; मग त्या का मेल्या? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारवस्त्यांत त्या जागोजागी होत्या, कारण घरात न्हाणीघर नसे. पुढे इमारतीत, मग थेट फ्लॅटमध्ये सौना आली आणि एकेक दार बंद होत गेलं. म्हणजे स्थानिक असणं पुरेसं नाही, गरजही चालू असावी लागते. माझ्या म्हणण्याला ही मुरड घालावी लागते, पण ते कोसळत नाही: झारची बंदी उठताच रिकामं होणं वेगळं आणि घरोघरी तीच सोय पोचल्यामुळे हळूहळू मागे पडणं वेगळं. काल्लिओ भागातली 1928 ची कोतिहार्यू सौना अजून लाकडांवर तापते, आणि तिच्या बाकांवर आता शेजाऱ्यांसोबत परदेशी प्रवासीही बसतात. 2016 मध्ये किनाऱ्यावर लोयल्यू ही देखणी सौना आणि बाजारचौकालगत अल्लास हे समुद्रतलाव सुरू झाले, तेव्हा पाहुण्यांचा हिशोब मालकांच्या डोळ्यांसमोर नक्कीच होता. त्यांना मी उल्रिकासबोर्गच्या रांगेत बसवत नाही, कारण उन्हाळी गर्दी ओसरल्यावर, बर्फाळ पाण्यात उतरायची सवय असलेले हेलसिंकीकर तिथेही येतात.