१८० लिटरांचा हिशेब



‘लघवी कशी तयार होते’ हा विषय पत्रिकेवर वाचून काहींनी नाक मुरडले असेल, तर ते साहजिक आहे. चारचौघांत जिचे नाव काढू नये तिच्यावर व्याख्यान, आणि तेही डॉक्टरचे नव्हे! मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु ह्या विषयाचा इतिहास वाचताना मला त्यात एक ऐंशी वर्षांचा वाद सापडला, आणि त्या वादाच्या निकालाचा उन्हात व भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाशी निकटचा संबंध आहे असे दिसले. म्हणून हे धाडस.

पहिला प्रश्न साधा होता: लघवी येते कोठून? पोटातल्या पाण्याची वाफ होते आणि ती मूत्राशयात जाऊन पुन्हा पाणी बनते, असे अ‍ॅस्क्लेपिआडीस हा प्राचीन वैद्य सांगत असे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलेनने ह्यावर शब्दांनी वाद घातला नाही. त्याने जिवंत जनावराच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले आणि गाठीच्या वरचा भाग तटतटून फुगला. गाठ सोडताच मूत्राशय भरू लागले. मूत्र मूत्रपिंडातूनच येते, हे सिद्ध झाले. मात्र मूत्रपिंड ते बनवते कसे, हे कळायला आणखी साडेसतराशे वर्षे जावी लागली.

आत डोकावण्यास सूक्ष्मदर्शक हवा होता. १६६२ साली इटलीतील पिसा येथे बेलिनी नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवले की मूत्रपिंड म्हणजे मांसाचा भरीव गोळा नव्हे. त्यात बारीक नलिकांचे जाळे आहे. चार वर्षांनी बोलोन्याच्या माल्पिघीने मूत्रपिंडाच्या रोहिणीत काळा द्रव भरला. तेव्हा रक्तवाहिन्यांना झाडावरच्या सफरचंदांसारखे लोंबणारे काळे ठिपके त्याला दिसले. ते केशवाहिन्यांचे गुच्छ होते. पण गुच्छ आणि नलिका एकमेकांना कोठे मिळतात, हे त्याला दाखवता आले नाही.

आता १८४२ सालाकडे येऊ. लंडनच्या विल्यम बोमनने दाखवून दिले की प्रत्येक गुच्छाभोवती एक पातळ वाटी असते आणि त्या वाटीचेच पुढे नळीत रूपांतर होते. त्याने असा तर्क केला की गुच्छातून नुसते पाणी झिरपते आणि नळीच्या पेशी त्यात टाकाऊ द्रव्ये सोडतात. म्हणजे मूत्रपिंड ही एक ग्रंथी. त्याच वर्षी जर्मनीतील मारबुर्गचा कार्ल लुडविग नेमके उलट म्हणाला. रक्ताच्या दाबाने गुच्छातून प्रथिने सोडून बाकीचे सारे गाळले जाते, आणि नळीतून पुढे जाताना त्यातले पुष्कळसे पाणी पुन्हा रक्तात शिरते. म्हणजे मूत्रपिंड ही गाळणी. दोघांचाही जन्म १८१६ चा. एकाच वयाच्या दोघा तरुणांनी एकाच वर्षी एका कोड्याची दोन उत्तरे दिली.

लुडविगचे मत पुढे मागे पडले, आणि ते एका हिशेबामुळे. ब्रेस्लाऊचा हायडेनहाइन हा मोठा प्रयोगकुशल माणूस. त्याने १८७४ मध्ये रक्तात निळा रंग सोडून तो गुच्छात नव्हे, तर नळीच्या पेशींत साठतो, असे दाखवले. पुढे त्याने गणित मांडले: माणूस दिवसाला जेवढा युरिया टाकतो तेवढा केवळ गाळून बाहेर काढायचा, तर रोज सुमारे ७० लिटर द्रव गाळावा लागेल! हाताच्या मुठीएवढे दोन अवयव एवढा उपसा करतील आणि पुन्हा जवळजवळ सारे परत घेतील, ही गोष्ट त्याला अशक्य वाटली. पुष्कळांना त्याचे म्हणणे पटले.

१९१७ साली कुश्नीने गाळणीचा पक्ष पुन्हा जोराने मांडला. पण निकाल लावायला हत्यारच हवे होते. ते फिलाडेल्फियात तयार झाले. रिचर्ड्स आणि वेर्न ह्यांनी काचेची नळी ताणून केसासारखी बारीक केली, जिवंत बेडकाच्या एकाच गुच्छाच्या वाटीत ती शिरवली आणि आतला थेंब काढून तपासला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत थेंबात प्रथिने नव्हती, पण साखर व क्षार होते. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नव्हती. म्हणजे साखर गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली. लुडविग खरा ठरला. पण बोमनही सर्वस्वी हरला नाही. बाल्टिमोरच्या मार्शलने त्याच सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्ध केले की काही द्रव्ये नळीच्या पेशी स्वतः बाहेर टाकतात. मूत्रपिंडात गुच्छच नसलेले काही समुद्री मासे तर ह्याच मार्गाने मूत्र बनवतात.

आणि हायडेनहाइनचा तो अशक्य आकडा? तो फार लहान निघाला. पुढे इन्युलिन नावाची शर्करा वापरून मोजणी झाली. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला जेमतेम दीड लिटर बाहेर जातो. अंगातला तीन लिटर रक्तद्रव रोज सुमारे ६० वेळा गाळून निघतो!

हा उपद्व्याप कशासाठी? दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे सामान अंगणात काढतात आणि हवे ते मोजून आत नेतात. केर आपोआप बाहेर राहतो. मूत्रपिंडाची रीत हीच. केर ओळखत बसावे लागत नाही, हवे ते ओळखता आले की पुरे. परंतु परत आत नेण्याची ही हमाली फुकट होत नाही. तिला भरपूर रक्त व प्राणवायू लागतो. पाणी कितीही वाचवले, तरी टाकाऊ द्रव्ये वाहून नेण्यास दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. घामाने अंग सुकले आणि पाणी मिळाले नाही, तर मूत्रपिंडाकडे जाणारे रक्तच आटते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर येथील डॉक्टरांनी २००२ मध्ये एक गोष्ट नोंदवली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही शेतमजूर पुरुषांची मूत्रपिंडे निकामी होत होती. पुढे निकाराग्वाच्या ऊसतोड्यांतही तेच आढळले. कारणांचा वाद मिटलेला नाही. पण कडक उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट हे एक मुख्य कारण मानले जाते. तेथे उपाय सुरू झाला तो तीन शब्दांचा: पाणी, विश्रांती, सावली.

आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याचे पाणी आणि मुताऱ्या ही मालकाची जबाबदारी ठरवली होती. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी देणेही बंधनकारक होते. परंतु तो कायदा कारखान्याच्या आवारापुरता होता. कारखान्यासाठी ऊस तोडणारा, पण फडात राबणारा कोयतेवाला त्याच्या बाहेरच राहिला. आडोसा नाही म्हणून दिवसभर घोट-घोट पाण्यावर काढणारी त्याची बायकोही बाहेरच. एका वाटाघाटीत भट्टीखात्यात पाण्याचे माठ ठेवण्याची आमची मागणी क्षुल्लक म्हणून यादीच्या तळाशी ढकलली गेली, तेव्हा हे १८० लिटर मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर ती मागणी मी यादीत पहिली लिहिली असती. पगार महिन्याचा असतो; हा हिशेब दर मिनिटाला चुकता करावा लागतो, आणि त्यात उधारी चालत नाही.