श्रद्धाजीवन, ख्रिस्ती

ईश्वर हा पिता असून तो आपल्या रोजच्या गरजा जाणतो व त्या भागवितो, या विश्वासावर प्रपंच आणि सेवाकार्य चालविण्याची ख्रिस्ती धर्मातील जीवनपद्धती. तिची मुळे बायबलमध्ये असली, तरी ठराविक वेतन, कर्ज आणि प्रत्यक्ष याचना ही तीनही साधने वर्ज्य मानणारी एक निश्चित कार्यपद्धती म्हणून ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकारास आली. जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) व हडसन टेलर (१८३२–१९०५) हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. महाराष्ट्रात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ती स्थानिक परिस्थितीनुसार स्वीकारली. ईश्वरावरील भरवसा म्हणजे प्रयत्नांचा त्याग, असा या पद्धतीचा अर्थ अनेकदा लावला जातो. तिचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. जेथे ती टिकली तेथे काटेकोर हिशेब व नित्याचे कष्ट यांच्या आधारानेच टिकली आणि देणगीदार व धर्मसत्ता यांच्या नियंत्रणापासून कार्यकर्त्यांना मिळालेली मोकळीक हे तिचे सर्वांत मोठे फलित ठरले.

धार्मिक आधार : या जीवनपद्धतीचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील येशूच्या उपदेशात सापडतो. आकाशातील पाखरे व रानातील फुले यांचा दाखला देऊन अन्नवस्त्राची चिंता न करण्याविषयी तेथे सांगितले आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे, ती एका दिवसापुरतीच. जुन्या करारातील निर्गम या ग्रंथात रानात भटकणाऱ्या इझ्राएल लोकांना मिळालेल्या मान्नाची कथा आहे. तो रोजच्यापुरताच गोळा करावयाचा असे. लोभाने साठविलेला मान्ना दुसऱ्या दिवशी नासत असे. या शिकवणुकीला तोलून धरणारी दुसरी बाजूही नव्या करारात आहे. संत पॉल तंबू शिवण्याच्या धंद्यावर आपला चरितार्थ चालवी व काम टाळणाऱ्यांना त्याने कडक शब्दांत बजावले आहे. याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेली श्रद्धा निर्जीव ठरविली आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांत प्रार्थनेबरोबर अंगमेहनतीलाही स्थान मिळाले. प्रत्येकाचा प्रामाणिक व्यवसाय हीच ईश्वराने नेमून दिलेली सेवा होय, असे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने प्रतिपादिले. अशा प्रकारे भरवसा व श्रम ही दोन्ही सूत्रे ख्रिस्ती परंपरेत प्रारंभापासून एकत्र नांदत आली आहेत.

पूर्वपीठिका : जर्मनीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पायटिझम ही चळवळ उदयास आली. केवळ मतप्रणाली मान्य करण्यापेक्षा आंतरिक भक्ती व तिला साजेसे आचरण यांवर तिचा भर होता. या चळवळीतील आउगुस्ट हेर्मान फ्रांके (१६६३–१७२७) याने हाले येथे १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी कार्य सुरू केले व त्यातून तेथील विख्यात अनाथालय उभे राहिले. याच हालेच्या परंपरेतून बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा धर्मोपदेशक १७०६ मध्ये तमिळ प्रदेशातील त्रांकेबार (तरंगंबाडी) येथे आला. इंग्लंडमध्ये एक्झिटर येथील दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज (१७९५–१८५३) याने ख्रिस्ती माणसाने संपत्तीचा संचय करू नये, असे प्रतिपादन करणारी पुस्तिका १८२५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे चांगला चाललेला व्यवसाय सोडून तो धर्मकार्यासाठी प्रथम बगदादला व नंतर भारतात आला. त्याची बहीण मेरी हिचा विवाह १८३० मध्ये जॉर्ज म्यूलरशी झाला.

ब्रिस्टल येथील कार्य : म्यूलरचा जन्म प्रशियातील क्रोपनश्टेट येथला. त्याचे तारुण्य उधळपट्टीत व फसवणुकीत गेले. हाले विद्यापीठात शिकत असताना १८२५ मध्ये एका घरगुती प्रार्थनासभेत त्याचे मनःपरिवर्तन झाले. १८२९ मध्ये तो इंग्लंडला गेला व टिनमथ येथील एका छोट्या मंडळीचा पाळक झाला. तेथे त्याचे वेतन उपासनामंदिरातील बाकांच्या भाड्यातून येई. भाडे भरणाऱ्या श्रीमंतांना चांगली जागा व गरिबांना मागची, ही व्यवस्था त्याला शुभवर्तमानाशी विसंगत वाटली. म्हणून १८३० मध्ये त्याने ठराविक वेतनाचा त्याग केला. ज्याला जे द्यावयाचे असेल ते त्याने स्वेच्छेने पेटीत टाकावे, अशी प्रथा पडली. श्रद्धाजीवनाचा हा प्रयोग मुळात मंडळीतील समतेच्या प्रश्नातून पुढे आला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८३२ मध्ये तो ब्रिस्टलला आला. तेथे त्याच्या परिचयातील माणसे बहुधा कष्टकरी होती. कोणी दिवसाचे चौदा ते सोळा तास राबत असे; काम थोडे कमी केले तर कुटुंबाचे कसे होईल, या धास्तीने त्याला प्रार्थनेलाही सवड होत नसे. स्पर्धेपुढे सचोटीचा धंदा टिकणार नाही, या भीतीने व्यापाऱ्यांची सदसद्विवेकबुद्धी बोथट होई. ईश्वर आजही प्रार्थना ऐकतो याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा अशा लोकांपुढे असावा, या हेतूने म्यूलरने १८३६ मध्ये विल्सन मार्गावरील एका भाड्याच्या घरात मुलींचे अनाथालय उघडले. अनाथांचे पालनपोषण हे उद्दिष्ट होतेच. परंतु सामान्य माणसाच्या रोजच्या चिंतेला उत्तर देणे हा त्यामागील मूळ हेतू त्याने स्वतः नोंदविला आहे.

संस्थेचे नियम मोजके होते : कोणाकडेही पैसे मागावयाचे नाहीत, कर्ज काढावयाचे नाही आणि आलेल्या प्रत्येक देणगीचा हिशेब प्रसिद्ध करावयाचा. १८३८ नंतरची काही वर्षे अत्यंत ओढगस्तीची गेली. दुपारच्या जेवणाची तजवीज कित्येकदा त्याच दिवशी सकाळी होई. दूधवाला व पाववाला यांची देणी आठवड्याने भागविण्याऐवजी रोजच्या रोज भागविण्याचा निर्णय याच काळात झाला. रोख रक्कम हाती नसेल, तर जिन्नस घ्यावयाचा नाही, असा दंडक होता. अडचणीची कल्पना केवळ संस्थेतील सहकाऱ्यांना दिली जाई व त्यांपैकी अनेक जण आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून भर घालीत. १८४१ च्या डिसेंबरमध्ये तिजोरी जवळजवळ रिकामी असताना वार्षिक सभेची व अहवालाची वेळ आली. अशा वेळी अहवाल वाचणे म्हणजे अप्रत्यक्ष याचना ठरेल, म्हणून म्यूलरने सभा काही महिने लांबणीवर टाकली. १८४९ ते १८७० या काळात ॲश्ले डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत २,०५० मुलांची सोय होती. म्यूलरच्या हयातीत सुमारे दहा हजार अनाथ मुलांचा सांभाळ झाला आणि त्याच्या सर्व कार्यांसाठी मिळून सुमारे १५ लक्ष पौंड जमा झाले. मुलांना शिक्षण देऊन एखाद्या धंद्यात उमेदवारीस व मुलींना बहुधा घरकामाच्या नोकरीस लावून दिले जाई.

म्यूलरचा आदर्श हडसन टेलरने धर्मप्रसाराच्या क्षेत्रात आणला. त्याने १८६५ मध्ये ‘चायना इनलँड मिशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्या कार्यकर्त्यांना वेतनाची हमी नसे. जे जमेल ते वाटून घेतले जाई. १९०० मधील बॉक्सर उठावात या संस्थेची अनेक माणसे मारली गेली, तरीही तिने चीनकडून नुकसानभरपाई घेण्याचे नाकारले.

महाराष्ट्रातील कार्य : पंडिता रमाबाईंच्या जीवनात ईश्वरावरील भरवशाचा प्रश्न बालपणीच उभा राहिला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. सर्व कुटुंब तीर्थयात्रा, पुराणकथन व व्रतवैकल्ये यांवर निर्वाह करीत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात संचित द्रव्य संपले. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याचा संकोच, अशा स्थितीत आईवडील व थोरली बहीण एकामागून एक मरण पावली. देवावर भिस्त ठेवली. पण हाताला काम शिकविले नाही, अशी या काळाची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. केडगाव येथील त्यांच्या संस्थेत प्रत्येक मुलीला एखादा धंदा शिकविण्याचा जो आग्रह दिसतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चेल्टनम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, अशी भूमिका अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या स्वातंत्र्याचा प्रश्न स्पष्टपणे मांडला. वाँटिजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद विस्ताराने आला आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने त्यासाठी दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले होते. धर्माबाबत तटस्थता हे संस्थेचे घोषित धोरण होते. काही विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने दिलेल्या वचनाचा भंग झाला, अशी सुधारकांची तक्रार होती. स्वतःच्या घरातील उपासना दार लावून करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. एका बाजूस धर्मसत्ता व दुसऱ्या बाजूस आश्रयदाते, अशा दुहेरी दडपणाचा अनुभव त्यांना या दहा वर्षांत आला.

याच सुमारास म्यूलर, टेलर व न्यू हेब्रिडीझ बेटांवरील धर्मोपदेशक जॉन पेटन यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. इतर देशांत जसा ईश्वरावर विसंबून कार्य करता येते, तसे ते हिंदुस्थानात का करता येऊ नये, असा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. अमेरिकन साहाय्याची मुदत संपल्यावर उत्पन्नाचे साधन असावे, म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेस लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे या सर्वांची वस्ती केडगावच्या शेतावर झाली. तिचेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांची रोजची भाकर ही केवळ प्रार्थनेची बाब राहिली नाही. विहिरी खणणे, भाजीपाला व धान्य पिकविणे, गाईगुरे राखणे, विणकाम, शिवणकाम, घाण्यावर तेल काढणे, स्वयंपाक, रुग्णसेवा, छपाई अशी कामे स्त्रियांनीच सांभाळली. अंध स्त्रियांसाठी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. टाकलेल्या व संकटग्रस्त स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर संस्थेच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळविले व छापले. रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते पूर्णपणे प्रकाशित झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची मंडळी स्थापन केली. परदेशी पैशावर पोसलेला धर्म या भूमीत रुजणार नाही, ही त्यामागील जाणीव होती. त्यांच्या निःस्पृहतेचा भार संसारावर कसा पडे, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात मिश्कीलपणे, परंतु लपवाछपवी न करता सांगितले आहे. श्रद्धाजीवनाची किंमत पुष्कळदा घरातील स्त्रीला मोजावी लागते, याची नोंद अन्यत्र क्वचितच आढळते.

मूल्यमापन : या पद्धतीवर काही आक्षेप घेतले जातात. प्रार्थनेला मिळालेल्या उत्तरांची वर्णने छापून प्रसिद्ध करणे, हे याचनेचेच दुसरे रूप होय, असे टीकाकार म्हणतात. म्यूलरचे अहवाल हजारो वाचकांपर्यंत जात आणि केडगावहूनही परदेशातील स्नेह्यांसाठी इंग्रजी पत्रके निघत. ब्रिटन व अमेरिका येथील सधन मध्यमवर्ग पाठीशी नसता, तर अशा संस्था एवढ्या वाढल्या नसत्या, हेही खरे. रमाबाईंनी म्यूलरचे नियम सर्वार्थाने पाळले, असेही नाही. १८९८ मध्ये पुनर्रचित झालेल्या अमेरिकन असोसिएशनचे साहाय्य त्यांनी पुढेही स्वीकारले. दुष्काळात आणलेल्या निराधार मुलींच्या धर्मांतराबाबत तत्कालीन हिंदू समाजात तीव्र नाराजी होती व त्या संदर्भातील स्वेच्छेचा प्रश्न आजही विचारार्ह आहे. शिवाय यशस्वी ठरलेल्या कार्यांचीच चरित्रे लिहिली गेली. मधेच बंद पडलेल्या प्रयत्नांचा इतिहास फारसा उपलब्ध नाही.

तथापि या आक्षेपांमुळे मूळ अनुभवाचे महत्त्व कमी होत नाही. देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागत नसल्यामुळे म्यूलरला गरिबांना श्रीमंतांच्या बरोबरीने बसविता आले आणि रमाबाईंना कोणत्याही एका चर्चच्या वा समितीच्या आज्ञेत न राहता स्त्रियांच्या हाती शेत, छापखाना व रुग्णालय सोपविता आले. उद्याची चिंता ईश्वरावर सोपविणाऱ्या या माणसांनी आजच्या हिशेबाची जबाबदारी मात्र कोणावरही टाकली नाही. केडगाव येथील संस्था ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्य करीत आहे.