तळटीप : नेली मेल्बा

२३. मेल्बा : लेखकाने त्यांना ‘इंग्रज गायिका’ म्हटले आहे, त्या ऑस्ट्रेलियन. मूळ नाव हेलन पोर्टर मिचेल (१८६१–१९३१). रंगमंचावरचे आडनाव मेलबर्न या जन्मगावावरून. वडील बांधकाम-कंत्राटदार. संसार फारसा जमला नाही. १८८६ मध्ये युरोपात येऊन पॅरिसला मातिल्द मार्केसी यांच्याकडे शिकल्या. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातली जिल्दाची भूमिका आणि १८८८ मध्ये लंडनचे कोव्हेंट गार्डन हे ऑपेरागृह. तिथे पुढे मेल्बाबाईंचा दरारा असा की कोणी काय गायचे यातही त्यांचा शब्द चाले.

आवाज हलका, चपळ, वरच्या सुरांत निखळ. ऑपेरात मायक्रोफोन नसतो. पूर्ण वाद्यवृंदावरून गळा पोचवायचा, म्हणून आवाजाची जात पाहून भूमिका ठरते. तरीही १८९६ च्या अखेरीस न्यूयॉर्कला त्यांनी वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’ या ऑपेरामधली ब्रुनहिल्ड ही भारी आवाजाची भूमिका अंगावर घेतली. एका प्रयोगातच गळा दुखावला, काही काळ गाणे थांबले. हट्ट म्हणावा की धाडस? मला तरी हट्टच वाटतो. वाग्नरच्या त्या भूमिकेकडे पुन्हा वळल्या नाहीत. ‘ला बोहेम’ या ऑपेरामधली मिमी मात्र शेवटपर्यंत गायल्या.

लेखकाने ऐकलेली जांभळ्या लेबलाची तबकडी १९०४ किंवा नंतरची असावी. ग्रामोफोन कंपनीने हे लेबल खास मेल्बाबाईंसाठी काढले. सुरुवातीची किंमत एक गिनी. १५ जून १९२० रोजी चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून त्यांचे गाणे रेडिओवर गेले. ‘पीच मेल्बा’ हे गोड पक्वान्न त्यांच्याच नावाचे. ते एस्कॉफिए या आचाऱ्याचे कर्तृत्व.